दुभाषी

किणयेची पहिली बस. धाकटी जाऊ पदरात नाक घेऊन,
मी तिच्या मागं, पिशवीत दोन भाकऱ्या, दोघींची आधारकार्डं.
ती चंदगडची. कन्नड तिला बसच्या पाटीपुरतं.
मी बागेवाडीची, सातवीपर्यंत कन्नड शाळा,
म्हणून तोंड माझं.
दुखणं तिचं.

(आमच्यात बाई सुद्धा 'मी आलो' म्हणते.
तिकडच्यांनी हसायचं असलं तर हसून घ्यावं.)

घरात आम्ही 'अंगावर जातंय' म्हणतो,
कुणी खोदून विचारलंच तर 'उष्णता'.
आठ महिने वाटीत सब्जा भिजत होता.
मग ती धुणं ओढ्याच्या खालच्या दगडावर न्यायला लागली, एकटी,
आणि मी ते कापड बघितलो.
पिवळं, कडेला हिरवट.
'चल' म्हटलो. बाकी काही नाही.

सिव्हिलात खोली नंबर नऊ.
दारावरचं मी वाचलो, तिला सांगितलो नाही.

नर्सबाई गिरिजम्मा. मान खाली, पेन चालू.
'गाय ऐतेनु?'
जाऊ म्हणाली, 'हाय की, एक काळी, गाभण.'
गिरिजम्मा हसली, मी हसलो,
का ते न कळता जाऊ पण हसली.
मग तिच्या कानात सांगितलो:
इकडं गाय म्हणजे जखम.
तिथली. फोड, चट्टा, दुखत नसला तरी.
हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं,
बसायला जागा न मिळालेल्या पाहुण्यागत.

'उरी?'
तिनं छातीवर हात ठेवला.
नव्हं गं, उरी म्हणजे जळजळ. लघवीला.
मी तिचा हात खाली आणलो.
तो परत वर गेला.

'वासने?'
आता ती उठलीच.
'मला कसली वासना, अक्का?
तो घरात येतो गणपतीला आणि शिमग्याला,
मडगावास्नं, सेंट्रिंगचं काम सोडून, चार दिवस.
मी काय तसली...'
बस. बस खाली.
वास येतो काय, एवढंच विचारायलेत.
एका मात्रेनं बाई केवढी बदनाम होते बघ.

पडद्याआड ती, अलीकडं मी.
'उसिरु बिडु.' श्वास सोड.
'कालु सडिल.' पाय सैल सोड.
लोखंड वाजलं. कापसाची काडी काचेत गेली.
दंडातलं रक्त नळीत, नळीवर तिचं नाव,
अक्षरं मी सांगितलेली.

करड्या रंगाचं पाकीट मिळालं. तसलंच एक त्याला.
त्यानं नाही घेतलं तर तुझं घेतलेलं फुकट,
हे मी दोनदा सांगितलो,
एकदा भाषांतर म्हणून, एकदा थोरली म्हणून.

मग गिरिजम्मा पेन ठेवून बोलली,
आणि ते मला मराठीत आणायचं होतं:
'पुष्कळ बायकांना काहीच होत नाही.
वास नाही, जखम नाही, जळजळ नाही.
आत असतं. तपासल्याशिवाय कळत नाही.'
मी सुरू केलो, 'पुष्कळ बायकांना काहीच...'
पुढचं येईना.

दोन भाऊ. एकच कंत्राटदार. मडगावात एकच खोली.
माझं कापड स्वच्छ.
आणि माझी दोन पोटं पडलेली, पाचव्यात एक, सातव्यात एक.
दोन्ही वेळा सासू म्हणाली, ग्रहणात विळी धरली असशील.
मी पण तेच म्हणत आलो.

'मुंदे,' गिरिजम्मा. पुढची.
'हेसरु?'
सवयीनं मी जावेचंच नाव सांगितलो.
ते लिहिलंय, म्हणाली.
मग माझं सांगितलो.
कागदावर मीच लिहितो म्हटलो, तर सही कन्नडात झाली,
शाळेतल्यासारखी, गोल गोल.

पिशवी जावेनं घेतली.
पडद्याच्या अलीकडं आता ती.
थोडा वेळ काही बोलली नाही. मग हळूच,
'अक्का, गाय हाय काय गं?'

'दिसत नाही,' म्हटलो.
'बघू देत त्यांना.'